जांभ्याच्या भिंतीतले स्मार्ट घर: वायरिंगची आखणी कशी करावी

स्मार्ट दिवे, कॅमेरे आणि मोबाइलवरून चालणारे पंखे यांची निवड बहुतेक घरांत अगदी शेवटी, रंगकाम चालू असताना होते. त्यात फारसे काही बिघडत नाही, कारण ही उपकरणे काही वर्षांनी बदलावीच लागतात. नुकसान होते ते भिंतीत आणि स्लॅबमध्ये काय गाडले जात आहे याचा विचार तोवर झालेला नसतो म्हणून. पाइपाचा व्यास, डब्याची खोली, स्विचपर्यंत पोचलेला किंवा न पोचलेला न्यूट्रल (वीज परत नेणारी तार), अर्थिंग, विहिरीपर्यंत टाकलेला एक जादा पाइप या गोष्टी एकदा ठरल्या की घर असेपर्यंत तशाच राहतात. कोकणपट्टीवर तर चिऱ्याचे (जांभ्याच्या घडीव दगडाचे) बांधकाम, खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि त्याच्या आगेमागे कोसळणाऱ्या विजा या सगळ्यांचा हिशेब आधीच धरावा लागतो. म्हणून पुढील विवेचनात उपकरणांना दुय्यम स्थान दिले आहे.

सर्वांत आधी घर वर्षभर नांदते राहणार आहे, की गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरतेच उघडणार आहे, हे स्वतःशी स्पष्ट करावे. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या चाकरमान्याला आवाजावर उघडणाऱ्या पडद्यांचा उपयोग नाही. गावाकडे वीज आहे का, टाकी भरून वाहत तर नाही ना, पंप कोरडा तर चालत नाही ना, फाटकाशी कोण आले, हे त्याला दूरवरून कळायला हवे. त्यामुळे मुख्य डीबीची (विजेच्या वाटप-पेटीची) मांडणीच दोन भागांत करून घ्यावी. घर बंद असतानाही चालू राहणारे सर्किट, म्हणजे राउटर, कॅमेरे, पाण्याचे सेन्सर आणि बाहेरचा एखादा दिवा, एका भागात असावेत. बाकीचे सगळे घर दुसऱ्या भागात असावे आणि निघताना ते एका स्विचने बंद करता यावे. ही विभागणी नंतर करायची तर अर्धे वायरिंग पुन्हा ओढावे लागते, सुरुवातीला मात्र तिला थोडीशी वायर आणि एक जादा आयसोलेटर (तो भाग तोडणारा स्विच) एवढाच खर्च येतो.

याला जोडूनच विजेच्या गळतीपासून संरक्षण देणाऱ्या आरसीसीबीचा विचार करावा. माणसाच्या सुरक्षेसाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच, त्यात तडजोड नाही. परंतु संपूर्ण घराला एकच आरसीसीबी बसवला, तर अंगणातल्या एका दिव्यात पाणी शिरताच सगळे घर बंद पडते, आणि त्याबरोबर ते बंद पडल्याची खबर देणारा राउटरही बंद पडतो. बागेतले दिवे, पंप, न्हाणीघरातला गीझर आणि राउटर-कॅमेऱ्यांचे सर्किट यांना प्रत्येकी वेगळा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकत्र असलेला स्विच) दिल्यास ज्याचा दोष तेवढेच तुटते. कुलूपबंद घरासाठी हा खर्च कुठल्याही स्मार्ट स्विचपेक्षा अधिक उपयोगाचा आहे, असे माझे मत आहे.

चिरा, स्लॅब आणि पाइप

विटांच्या भिंतीत गिलाव्याआधी खाच पाडून पाइप बसवता येतो. चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून गिलावा न करता नुसत्या दरजा भरायच्या असतील, तर नंतर पाडलेली खाच कायमची दिसत राहते. शिवाय जांभा ठिसूळ जागी फुटतो आणि पाहिजे त्यापेक्षा मोठा कोपरा निखळून येतो. म्हणून पाइप आधी उभा करून गवंड्याने चिरे त्याच्याभोवती बसवावेत, किंवा चिऱ्याला आतल्या अंगाने आधीच खोबण पाडून घ्यावी. याचा अर्थ असा, की कुठला बोर्ड कुठल्या भिंतीवर आणि किती उंचीवर येणार, हे जोत्यावर पहिला थर बसण्याआधी कागदावर हवे. वायरमनला त्या टप्प्यावर बोलावण्याची आपल्याकडे पद्धत नाही, ती पाडावी.

जांभा सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. नैर्ऋत्येकडून येणारी झड ज्या भिंतीवर थेट आपटते, त्या पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या बाहेरच्या भिंतींत स्विचबोर्ड, डीबी किंवा नेटवर्कचा डबा ठेवू नये. शक्य तितके बोर्ड माजघराच्या आणि खोल्यांमधल्या आतल्या भिंतींवर घ्यावेत. बाहेरच्या भिंतीत जो पाइप येईल त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा आणि तोंड सिलंटने बंद करावे, नाहीतर पाइप हीच पाण्याची वाट होते आणि ते बोर्डात उतरते.

पाइप आयएसआय चिन्हाचा, मध्यम किंवा जाड प्रतीचा आणि किमान २५ मिलिमीटर व्यासाचा घ्यावा. त्याच्या आतील जागेपैकी ४० टक्क्यांहून अधिक भाग तारांनी भरू नये. मोकळी राहिलेली जागा उद्याच्या तारेसाठी असते. दोन डब्यांच्या मधे काटकोनी वळणे दोनांपेक्षा जास्त नसावीत आणि वळण आखूड एल्बोने न घेता लांब बेंडने घ्यावे. स्लॅबमध्ये पाइप सळयांच्या वरच्या आणि खालच्या जाळीच्या मधे बांधून घ्यावा, फॅन बॉक्सची तोंडे काँक्रीट ओतण्यापूर्वी घट्ट बंद करावीत, आणि सेंटरिंग काढल्यावर गिलावा सुरू होण्याआधी प्रत्येक पाइपातून ओढदोरी सरकते की नाही हे स्वतः उभे राहून पाहावे. रिकाम्या पाइपात ठेवायची दोरी नायलॉनची असावी. लोखंडी तार समुद्राजवळच्या हवेत गंजते आणि ऐन गरजेच्या वेळी ओढताना तुटते.

मंगलोरी कौलांच्या घरात स्लॅब नसतो, त्यामुळे पाइप वाशांच्या आणि आढ्याच्या कडेने उघडाच न्यावा लागतो. माळ्यावरच्या उंदरांना मोकळ्या तारेचे आवरण कुरतडायला फार वेळ लागत नाही. तिथे लवचीक पाइप किंवा केसिंग-पट्टी न वापरता जाड पाइपच घ्यावा आणि जोड सोल्यूशन लावून पक्के करावेत. कौलांखाली उन्हाळ्यात तापमान बरेच चढते, म्हणून तिथे राउटर, रेकॉर्डर किंवा बॅटरी ठेवण्याचा मोह टाळावा.

डबे, न्यूट्रल आणि स्विच

स्मार्ट स्विच किंवा त्यामागचा रिले (आदेश मिळताच सर्किट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) स्वतः सतत जागा असतो आणि त्याला त्यासाठी वीज लागते. ती फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल दोन्ही मिळाल्याशिवाय नीट मिळत नाही. ज्या बोर्डात सॉकेट असते तिथे न्यूट्रल आपोआप येतो. नुसते स्विच असलेल्या छोट्या बोर्डात, जिन्याच्या टू-वेमध्ये (वर-खाली दोन्हीकडून चालणाऱ्या स्विचमध्ये) किंवा पलंगाशेजारी तो येईलच असे नाही, कारण जुन्या सवयीने वायरमन तेवढी तार वाचवतो. प्रत्येक बोर्डात न्यूट्रल हवा, आणि तो त्याच सर्किटचा हवा, ही अट कामाच्या करारातच लिहावी. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतला की दिवा लागतो, पण आरसीसीबी विनाकारण पडू लागतो आणि मग कारण शोधण्यात दिवस जातात.

डबा बाजारात मिळेल तितका खोल घ्यावा आणि गरजेपेक्षा एक आकार मोठा घ्यावा, कारण रिले आणि त्याच्या तारांना स्विचमागे जागा लागते. जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) डबे किनाऱ्यालगत लवकर गंजतात आणि त्यांच्या कानातले स्क्रू पुढे निघत नाहीत, म्हणून चांगल्या प्रतीचे पीव्हीसी किंवा पॉलिकार्बोनेटचे डबे बरे. डब्यात पाइप शिरतो ती फट बुजवून घेतली नाही, तर मुंग्या आणि पाली आत घर करतात. स्विच जळण्यामागे त्यांचाही वाटा असतो.

तारांच्या बाबतीत नेहमीचेच प्रमाण पाळावे: दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, सॉकेटांना २.५, एसी आणि गीझरला ४. पंख्यांविषयी मात्र एक सूचना आवश्यक आहे. साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो आणि बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास, म्हणून इन्व्हर्टरवर चालणाऱ्या घरात हल्ली बीएलडीसीच बसवले जातात. हे पंखे रेग्युलेटर किंवा डिमरमधून चालवायचे नसतात. त्यांना थेट पुरवठा आणि साधा स्विच द्यावा, वेगाचे नियंत्रण त्यांच्या रिमोटवर किंवा ॲपवर असते.

काचेचे टच पॅनेल दिसायला देखणे असतात, पण या हवेत मी ते सुचवणार नाही. पावसाळ्यात हात ओले असतात, भिंत सादळलेली असते, व्होल्टेज खालीवर होत असते, आणि एक पॅनेल गेले की त्यावरचे सगळे दिवे अडकतात. साधे मॉड्युलर स्विच ठेवून त्यांच्यामागे रिले बसवले, तर रिले जळाला तरी गावातला वायरमन तो काढून दिवा पूर्ववत सुरू करू शकतो. सगळ्या दिव्यांच्या तारा थेट डीबीपर्यंत आणून तिथेच रिले बसवण्याचीही एक पद्धत आहे. मोठ्या, दुमजली बंगल्यात ती शोभते; बैठ्या घरात तिला तार फार लागते आणि एकाच जागी सगळे अवलंबून राहते.

अर्थिंग आणि आकाशातली वीज

कोकणात स्मार्ट उपकरणे मरतात ती मुख्यतः दोन वेळी: मे महिन्यात वळवाच्या पावसाआधी आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. वीज घरावरच पडावी लागते असे नाही. जवळपास पडली तरी वीजवाहिनी, टीव्हीची केबल किंवा अंगणातून गेलेली नेटवर्कची तार यांच्यात जो दाब (व्होल्टेज) उसळतो तो राउटर आणि रिले संपवायला पुरतो. त्यासाठी मुख्य डीबीत टाइप १ (थेट विजेच्या प्रवाहासाठीचा) व टाइप २ (वाहिनीतून येणाऱ्या उसळीसाठीचा) एकत्र असलेला सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस बसवावा, आणि वरच्या मजल्यावर किंवा लांबच्या खोलीत वेगळी डीबी असल्यास तिथे टाइप २ चा आणखी एक. या उपकरणाला जोडणाऱ्या तारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरपेक्षा जास्त नसावी. ती वाढली तर संरक्षण पुष्कळ कमी होते, म्हणून डीबीत त्याची जागा आधीच अर्थ बसबारच्या (सगळ्या अर्थ-तारा जोडायच्या पट्टीच्या) शेजारी राखावी.

परंतु हे उपकरण उसळलेला दाब जमिनीत सोडते, आणि जमीन तो घेतच नसेल तर त्याचा उपयोग नाही. कातळावर आणि सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) खरी अडचण इथेच येते. भरड, कोरडा जांभा वीज सहज वाहू देत नाही आणि कातळात खोल खड्डा घेणेही महाग पडते. आयएस ३०४३ या भारतीय मानकात पाइप इलेक्ट्रोडची (अर्थिंगसाठी जमिनीत पुरायच्या पाइपाची) लांबी किमान अडीच मीटर धरली आहे. एवढे खोल जाता येत नसेल, तर पाया खणतानाच चरात आडवी पट्टी पुरून घ्यावी, किंवा एकाऐवजी दोन-तीन इलेक्ट्रोड त्यांच्या लांबीच्या किमान दुपटीच्या अंतरावर घेऊन एकमेकांना जोडावेत. जागा शक्यतो सखल भागात, जिथे वाडीच्या शिंपणाचे पाणी जिरते तिथे निवडावी. लोखंडी जीआय पट्टीपेक्षा तांब्याचा मुलामा दिलेले रॉड खाऱ्या मातीत अधिक टिकतात.

दोन गोष्टींवर वायरमनशी वाद होण्याची शक्यता आहे. एक, काही जण इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी वेगळे, तुटक अर्थिंग सुचवतात. घरातील सगळे अर्थ एकमेकांना जोडलेलेच असले पाहिजेत, नाहीतर वीज पडल्यावर दोन अर्थांमधल्या फरकाचा मार उपकरणालाच बसतो. दुसरी गोष्ट अर्थिंग मोजण्याची. काम पावसाळ्यानंतर संपते, जमीन ओली असते आणि मीटरवर सुरेख आकडा दिसतो. तोच खड्डा मे महिन्यात, माती भाजून निघालेली असताना मोजला तर आकडा कितीतरी वर गेलेला असतो, आणि विजा नेमक्या तेव्हाच येतात. घरासाठी ५ ओहमच्या आत राहण्याचे उद्दिष्ट ठेवावे आणि ते मे महिन्यात तपासावे.

तीन फेजचे कनेक्शन असेल तर आणखी एका धोक्याची तरतूद हवी. वादळात झावळी पडून बाहेरचा न्यूट्रल तुटला, तर २३० व्होल्टच्या सर्किटवर ४०० च्या जवळपास दाब येऊ शकतो. सर्ज डिव्हाइस हे रोखत नाही. त्यासाठी जास्त-कमी व्होल्टेजला पुरवठा तोडणारा आणि स्थिती सुधारल्यावर आपोआप जोडणारा रिले डीबीत बसवावा.

नेटवर्क

जाड आणि ओल्या चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय नीट जात नाही. ५ गिगाहर्ट्झचा संदेश दोन भिंतींपलीकडे जवळपास संपतो, २.४ गिगाहर्ट्झ त्याहून थोडा पुढे जातो. यावर एक्स्टेंडर बसवत बसण्यापेक्षा ओटीच्या बाजूला एक आणि मागच्या पडवीच्या बाजूला एक असे छताला लावायचे ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारी उपकरणे) धरून तिथवर नेटवर्कची कॅट-६ केबल न्यावी. एकाच केबलमधून वीज आणि डेटा देणारी पीओई पद्धत वापरली की त्या जागी वेगळे सॉकेट लागत नाही आणि सगळ्यांचा बॅकअप एकाच ठिकाणी सांभाळता येतो. केबल शुद्ध तांब्याची आहे याची खात्री करावी. तांब्याचा मुलामा असलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण पीओईमध्ये ती तापते आणि दमट हवेत टोकाशी खराब होते. तिचा पाइप विजेच्या पाइपापासून शक्यतो फूटभर दूर ठेवावा आणि ओलांडायचा झाल्यास काटकोनात ओलांडावा. एका सलग केबलच्या लांबीची मर्यादा १०० मीटर आहे.

गोठा, विहिरीचे पंपघर, फाटक किंवा पाहुण्यांची वेगळी खोली अशा दुसऱ्या इमारतीपर्यंत मात्र तांब्याची केबल नेऊ नये. वीज कोसळली की दोन इमारतींच्या जमिनीतला दाब वेगवेगळा होतो आणि तो त्या केबलमधून दोन्हीकडची उपकरणे जाळतो. तिथे ऑप्टिकल फायबर टाकावा, कारण काच वीज वाहत नाही. मात्र फायबरच्या आवरणात आधारासाठी अनेकदा पोलादी तार असते, ती घराबाहेरच कापून टाकावी. इंटरनेट पुरवठादाराचा खांबावरून येणारा फायबरही यास अपवाद नाही.

उपकरणांची भाषा कुठली निवडावी यावर फार डोके शिणवू नये. झिगबी या बिनतारी पद्धतीची वीजेवर चालणारी उपकरणे एकमेकांचा संदेश पुढे नेतात, त्यामुळे खोल्याखोल्यांच्या जुन्या धर्तीच्या घरात ती चांगली चालतात. २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या समान मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र आणणे सोपे होत आहे. कसोटी एकच ठेवावी: गावातले इंटरनेट गेल्यावरही स्विच, वेळापत्रके आणि पंप घरातल्या घरात चालले पाहिजेत. होम असिस्टंटसारखी घरातच चालणारी प्रणाली या कसोटीला उतरते. केवळ कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असलेला स्वस्त प्लग उतरत नाही.

अंगण, विहीर आणि बॅकअप

पंपाला स्मार्ट प्लग लावण्याचा प्रकार सर्रास दिसतो आणि तो चुकीचा आहे. मोटर सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि रिलेचे संपर्क चिकटून बसतात. मग बंद करण्याचा आदेश जातो, पण पंप चालूच राहतो. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा भार जोडणाऱ्या-तोडणाऱ्या चुंबकी स्विचची) कॉइल चालवावी आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा. एप्रिल-मे मध्ये विहिरीचे पाणी तळाला जाते, म्हणून कोरड्या चालण्यापासून संरक्षण स्टार्टरमध्येच असावे, मोबाइलवर सोडू नये. विहिरीकडे जाणारी आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल पाऊण मीटर खोल पुरावी. कातळ लागला तर जाड एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) पाइपातून नेऊन वरून काँक्रीट करावे, आणि शेजारी सेन्सर व फायबरसाठी दुसरा रिकामा पाइप त्याच चरात टाकून घ्यावा. चर दुसऱ्यांदा खणण्याची मजुरी पाइपाच्या किमतीच्या अनेक पट असते.

बाहेरचे डबे आणि कॅमेरे किमान आयपी ६५ (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षित) दर्जाचे असावेत, केबल डब्यात नेहमी खालून शिरावी आणि शिरण्याआधी तिला खाली लोंबता झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलावरून ठिबकून जाते. स्क्रू आणि क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचे, समुद्र नजरेच्या टप्प्यात असेल तर ३१६ प्रतीचे घ्यावेत. नेहमीच्या ३०४ प्रतीवरही कालांतराने डाग आणि खड्डे पडतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आले तेव्हा दक्षिण रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात होती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. एवढ्या काळाचा बॅकअप कोणी बॅटरीवर धरू शकत नाही, पण रोजच्या खंडित पुरवठ्यासाठी इन्व्हर्टरचे सर्किट फेज आणि न्यूट्रल दोन्ही वेगळे ठेवून सुरुवातीपासूनच ओढावे आणि राउटरला त्यावर घ्यावे. छतावर सौर पॅनेल लावायचे असल्यास, आज नाही तरी पुढे, छतापासून डीबीपर्यंत एक ३२ मिलिमीटरचा पाइप राखावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती पॅनेलसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरले आहे, मात्र साधी ग्रिडला जोडलेली यंत्रणा महावितरणचा पुरवठा गेला की सुरक्षेसाठी स्वतःही बंद होते. वीज गेल्यावर तिचा उपयोग हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. अंगणात गाडी लावण्याच्या जागेपर्यंतही एक पाइप न्यावा, कारण ७.४ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो आणि त्याला सॉकेटच्या तारेवर चालवता येत नाही.

गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचे, शेजारी मोजपट्टी धरून, छायाचित्र काढून ठेवावे आणि पाइपांच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक द्यावा. डीबीच्या दारामागे सर्किटांची यादी मराठीत, छापून आणि लॅमिनेट करून लावावी, म्हणजे चावी सांभाळणाऱ्या शेजाऱ्याला फोनवर नुसता क्रमांक सांगितला तरी पुरते. ताबा घेताना मुख्य स्विच बंद करून इन्व्हर्टरवर काय चालते ते पाहावे, मग इंटरनेटची केबल काढून प्रत्येक स्विच हाताने चालवून पाहावा, आणि वायरमनची शेवटची रक्कम पुढच्या मे महिन्यातील अर्थिंगच्या मोजणीपर्यंत राखून ठेवण्याची अट करारात आधीच घालावी.